अंथरूण कुणाचं, पाय कुणाचे

अमेरिकन फुटबॉल बघताना बहुतेकांचे डोळे चेंडूवर असतात. खेळ चेंडूचाच आहे, तेव्हा त्यात चूक काही नाही. माझे डोळे मात्र गेली काही वर्षं त्या पाच आडदांड पोरांवर असतात, ज्यांच्यापैकी चौघांच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. पाचवा, म्हणजे मधला, तो चेंडू पायांमधून मागे देतो आणि पुढच्याच क्षणाला समोरच्याला जाऊन भिडतो. या पाचांना मिळून ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांनी काम चोख केलं तर टाळ्या मागून पळणाऱ्याला मिळतात, आणि चुकलं तर शिव्या यांना. आपल्याकडे मांडव घालणाऱ्यांचं असतं ना, तसंच. लग्न नीट पार पडलं तर त्यांची आठवण कुणालाच नसते.

मी मिशिगनमध्ये राहते. इथे हिवाळ्याआधीचे तीन महिने शनिवार म्हणजे सण असतो. अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठाचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं आहे आणि ते भरतं. तेव्हा इथे राहून फुटबॉलवर मत नसणं म्हणजे पुण्यात राहून वाहतुकीवर मत नसण्यासारखं आहे. माझंही एक मत आहे. ते विजयाबद्दल किंवा स्टार खेळाडूंबद्दल नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट कशी करून द्यायची, त्याची पद्धत कुणी ठरवायची आणि काय बघून ठरवायची, याबद्दल आहे. वरवर हा प्रश्न अगदी तांत्रिक वाटतो. पण त्यात एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांची उमेदीची चार वर्षं अडकलेली असतात, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पाच जणांची रांग असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि कडेला टॅकल. समोर बचाव करणारे चार-पाच तसेच धिप्पाड गडी, आणि त्यांच्या मागे जरा चपळ असे लाइनबॅकर. मागून रनिंग बॅक चेंडू घेऊन येणार. त्याच्यासाठी या भिंतीत फट पाडायची. ही फट पाडण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत.

एक रीत 'झोन'. यात पाचही जण एकाच दिशेला, एकाच वेळी, एकाच मापाचं पाऊल टाकतात. लेझीम खेळणाऱ्यांची रांग डोळ्यासमोर आणा. अमुक माणसाला अडव असं कुणालाच सांगितलेलं नसतं. तुझ्या टापूत जो येईल तो तुझा. शेजारी-शेजारी असलेले दोघे मिळून समोरच्या एकाला ढकलत नेतात, आणि मग योग्य क्षणी त्यातला एक सुटून मागच्या लाइनबॅकरला गाठतो. कोणी सुटायचं आणि कधी, हे आधी ठरलेलं नसतं. ते खांद्याला खांदा लागल्यावर कळतं. फट कुठे पडेल हेही आधी माहीत नसतं. पळणारा बघतो, एकदा दिशा बदलतो आणि घुसतो. या रीतीला हलके पाय लागतात, समोरच्याच्या बाहेरच्या खांद्याला वळसा घालण्याइतकी चपळाई लागते, आणि सगळ्यात जास्त लागते ती एकमेकांची सवय.

दुसरी रीत 'गॅप', आणि तिचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार 'पॉवर'. यात फट कुठे पाडायची ते आधीच ठरलेलं. त्या बाजूचे गडी समोरच्यांना आतल्या बाजूला तिरके दाबतात. पलीकडचा गार्ड आपली जागा सोडून, रांगेच्या मागून धावत येऊन त्या फटीत पहिला शिरतो. फुलबॅक कडेच्या माणसाला बाहेर ढकलतो. इथे जोर लागतो, वजन लागतं, आणि धावत येऊन धडकू शकणारा एक तरी गार्ड लागतो. तिरक्या कोनाचा फायदा मिळतो, त्यामुळे पाय जरा जड असले तरी निभावतं. पण दोघांनी मिळून दाबलेला समोरचा माणूस जर जागचा हललाच नाही, तर धावत येणारा गार्ड आणि पळणारा, दोघेही त्याच गर्दीत अडकतात.

आता यातली चांगली रीत कोणती? हा प्रश्न 'चाकू चांगला की विळी' असा आहे. दोन्हींनी भाजी चिरली जाते. दोन्ही पद्धतींनी मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत. खरा प्रश्न हा, की तुमच्याकडे कोण आहे?

व्यावसायिक संघ हवा तो माणूस पैसे टाकून आणू शकतो. कॉलेजच्या संघाला ती मुभा बराच काळ नव्हती. प्रशिक्षक शाळकरी पोरं निवडून आणतो, ती चार-पाच वर्षं राहतात, आणि लाइनमनचं अंग भरायला त्यातली दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे आज मैदानावर उभी असलेली लाइन ही तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेल्या निर्णयाचं फळ असते. आणि तो 'कुणीतरी' बऱ्याचदा नोकरीवरून गेलेला असतो. नवा प्रशिक्षक येतो तेव्हा त्याला जुन्याचं अंथरूण मिळतं. पाय मात्र तो स्वतःचे घेऊन येतो.

मिशिगनमध्ये हे दोनदा घडलं, ओळीने.

डिसेंबर २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाहून रिच रॉड्रिगेझ आले. त्यांची पद्धत झोनची, आणि तीही अशी की क्वार्टरबॅक स्वतः पळू शकला पाहिजे. चेंडू दुसऱ्याला द्यायचा की आपणच घेऊन पळायचं, हे तो समोरच्या एका माणसाकडे बघून ठरवतो. त्यामुळे तो एक बचावपटू कुणीही न अडवताच अडवला जातो. कल्पना फार देखणी आहे. पण २००८ साली मिशिगनकडे तसा पळणारा क्वार्टरबॅकच नव्हता. समोरच्याला जर खात्री असेल की हा गडी पळणार नाही, तर तो थबकेल कशाला? सगळी गंमत त्या थबकण्यात आहे. लाइनमधला जेक लाँग नुकताच व्यावसायिक निवडीत देशात पहिला निवडला जाऊन गेलेला. परिणाम: ३ विजय, ९ पराभव, आणि सलग ३३ वर्षं चालत आलेली बोल सामन्यांची परंपरा खंडित.

पुढे माणसं जुळली. २०१० साली डेनार्ड रॉबिन्सन नावाचा वाऱ्यासारखा पोरगा क्वार्टरबॅक झाला आणि त्याने एका मोसमात पळून १,७०२ यार्ड काढले, फेकून २,५७० काढले. दोन्हींत दीड हजाराच्या वर जाणारा तो पहिलाच. त्याच्यापुढे सेंटरला डेव्हिड मोक होता. वजन १३० किलोच्या आसपास, म्हणजे या धंद्यात लहानखुराच. पण शेजारच्या मोठ्या गड्याच्या बाहेरून वळसा घालून त्याला आत कोंडायची त्याची हातोटी बघण्यासारखी होती. झोनसाठीच घडवलेला माणूस. तरी बचाव इतका फाटका होता की जानेवारी २०११ मध्ये रॉड्रिगेझना जावं लागलं.

मग आले ब्रेडी होक, आणि त्यांच्याबरोबर आक्रमणाची सूत्रं सांभाळणारे अल बोर्जेस. ही जोडी पॉवरची. जुन्या वळणाची, अंगावर जाऊन धडकणारी. पहिल्या वर्षी, म्हणजे २०११ साली, त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांनी रॉबिन्सनला बऱ्याच अंशी त्याच्या सवयीचाच खेळ खेळू दिला. क्वार्टरबॅक मागेच उभा, पळायची मुभा, झोनची पावलं कायम. आपल्या आवडीचं थोडंथोडं त्यात मिसळलं, इतकंच. संघाने ११ सामने जिंकले, फक्त २ हरले. २००३ नंतर पहिल्यांदा ओहायो स्टेटला हरवलं. शुगर बोल जिंकला. आणि मोकला देशातल्या सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार मिळाला. नव्या प्रशिक्षकाने जुन्या अंथरुणात पाय आखडून घेतले की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण पाय किती दिवस आखडून ठेवणार? मोक गेला. वर्षभराने रॉबिन्सन आणि आतले तिघेही लाइनमन गेले. आता आपल्या मनासारखा संघ उभारायचा असं ठरलं. २०१३ साली दोन्ही टॅकल अनुभवी होते, टेलर लुआन आणि मायकेल स्कोफील्ड. आतले तिघे नवखे. खरं तर त्या तिघांना एक गोष्ट घोटून घोटून शिकवायची वेळ होती. त्याऐवजी कधी पॉवर, कधी झोन, कधी दोन्ही टॅकल एकाच बाजूला उभे करायचे, असं सगळं चालू झालं. दोन-तीन आठवड्यांनी आतली माणसंही बदलायची. ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटविरुद्ध मुख्य रनिंग बॅक फिट्झजेरल्ड टूसाँ २७ वेळा चेंडू घेऊन पळाला आणि त्याचे एकूण यार्ड झाले २७. म्हणजे दर खेपेला एक यार्ड, तीन फूट. २ नोव्हेंबरला मिशिगन स्टेटविरुद्ध संपूर्ण संघाचे पळून काढलेले यार्ड होते उणे ४८. पुढच्या शनिवारी नेब्रास्काविरुद्ध उणे २१.

उणे! कॉलेजच्या हिशेबात क्वार्टरबॅकला मागे पाडलं की ते यार्डही पळण्याच्या खात्यातून वजा होतात, त्यामुळे आकडा इतका भयानक दिसतो. शिवाय मिशिगन स्टेटचा त्या वर्षीचा बचाव देशातल्या उत्तमांपैकी होता, त्या संघाने पुढे रोझ बोलही जिंकला. हे सगळं धरूनसुद्धा उणे ४८ ही मिशिगनच्या इतिहासातली सगळ्यात वाईट कामगिरी होती.

नेब्रास्काचा सामना घरच्या मैदानावर होता, आणि मी तिथे होते. माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा दर खेपेला एकच शब्द ओरडत होते, "सॉफ्ट! सॉफ्ट!" म्हणजे मऊ, लेचेपेचे, अंगात दम नसलेले. त्या हंगामात हा शब्द सगळीकडे होता. वर्तमानपत्रात, रेडिओवर, किराणा दुकानाच्या रांगेत. पोरांना धडक द्यायची भीती वाटते म्हणे.

त्या आजोबांचा मला राग आला नाही. त्यांना त्यांचा संघ प्रिय होता. पण तो शब्द मात्र मला तेव्हाही खोटा वाटला आणि पुढे जे झालं त्यावरून तर तो साफच खोटा ठरला. त्या 'सॉफ्ट' लाइनमधला लुआन २०१४ च्या व्यावसायिक निवडीत पहिल्याच फेरीत, एकूण अकरावा निवडला गेला. स्कोफील्ड त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत गेला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या डेन्व्हरच्या लाइनमध्ये सुरुवातीपासून खेळला. आतल्यांपैकी ग्रॅहम ग्लासगो तर शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून संघात आलेला पोरगा. तोही २०१६ मध्ये तिसऱ्या फेरीत डेट्रॉइटने घेतला आणि वर्षानुवर्षं तिथल्या सर्वोच्च पातळीवर खेळला. पाचांतले तिघे जर पुढे जगातल्या सगळ्यात कठीण लीगमध्ये पोट भरत असतील, तर ते मऊ होते असं कसं म्हणायचं? लाकूड चांगलं होतं. सुताराने आज पलंग करायला घेतला, उद्या पाट, परवा देव्हारा. शेवटी हातात भुसा राहिला, आणि दोष मात्र लाकडाला.

आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला याच पोरांनी ओहायो स्टेटविरुद्ध एकूण ६०० यार्डांच्या वर मजल मारली आणि सामना ४१-४२ असा एका गुणाने गमावला. त्यातलं बरंचसं श्रेय जखमी पायाने खेळणाऱ्या डेव्हिन गार्डनरच्या फेकीला, हे खरं. पण घाबरलेल्या, लेच्यापेच्या लाइनच्या मागे उभं राहून कुणी इतके यार्ड काढत नाही.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर ते एकतर्फी होईल.

पहिली गोष्ट, होक यांना मिळालेलं अंथरूण खरोखरच तोकडं होतं. २०१० च्या भरतीत आधीच्या प्रशिक्षकांनी लाइनसाठी फक्त एक पोरगा घेतला होता. २०१३ मध्ये जे चौथ्या वर्षाचे, पिकलेले गडी असायला हवे होते ते मुळात आणलेच गेले नव्हते. रिकाम्या कणगीतून धान्य कुठून निघणार?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. प्रशिक्षकाने जे येतं तेच शिकवावं, असं पुष्कळ जाणकार म्हणतात. ज्याने वीस वर्षं पॉवर शिकवली त्याला त्यातली प्रत्येक चूक पावलावरून ओळखता येते. त्याला अचानक झोन शिकवायला लावलं तर तो पुस्तकातून शिकवेल, आणि पोरांना ते लगेच कळेल. शिवाय दरवर्षी आलेल्या पोरांप्रमाणे पद्धत बदलत बसलं तर संघाला काही ओळखच उरणार नाही.

याचं उत्तर मला आयोवाने दिलं. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून तिथे मुख्य प्रशिक्षक आहेत, आणि इतकी वर्षं त्यांची पळण्याची मूळ रीत एकच, झोन. मग ते अंथरूण न बघता पाय पसरतात का? नाही. ते अंथरूणच स्वतः विणतात. ते लाइनमन म्हणून प्रसिद्ध असलेल्या पोरांच्या मागे लागत नाहीत. ती तशीही मोठ्या विद्यापीठांकडे जातात. ते हलक्या पायांची पोरं शोधतात. रॉबर्ट गॅलरी तिथे टाइट एंड म्हणून आला, चेंडू झेलणाऱ्यांपैकी. ब्रँडन शर्फ तर शाळेत काही काळ क्वार्टरबॅक होता. दोघांना त्यांनी सावकाश खाऊपिऊ घालून, वजनं उचलायला लावून टॅकल बनवलं. गॅलरीने २००३ साली आणि शर्फने २०१४ साली देशातल्या सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी मिळवली. पाय आधीच चपळ होते, शरीर नंतर आलं. जुळवणी इथेही आहेच, फक्त ती मैदानावर न होता तीन वर्षं आधी, पोरगा निवडताना होते.

म्हणजे जुळवणीचे रस्ते दोन. एक, आहेत त्या पोरांप्रमाणे पद्धत बेतायची, होक यांनी २०११ मध्ये केलं तसं. दोन, पद्धतीप्रमाणे पोरं आणायची आणि ती तयार होईपर्यंत धीर धरायचा, आयोवासारखा. दोन्ही रस्ते सरळ आहेत. तिसरा रस्ता म्हणजे पद्धतीचा हट्ट धरायचा आणि धीर मात्र धरायचा नाही. त्या रस्त्यावर पोरं चिरडली जातात.

बिल कॅलहन यांचं उदाहरण तर मला फारच बोलकं वाटतं. नेब्रास्का म्हणजे टॉम ऑस्बोर्न यांच्या काळात पळण्याची पंढरी. २ जानेवारी १९९६ च्या फिएस्टा बोलमध्ये त्यांनी फ्लोरिडाविरुद्ध नुसतं पळून ५२४ यार्ड काढले होते. शेतावर वाढलेली, वर्षानुवर्षं एकच रीत घोटलेली पोरं. २००४ साली तिथे कॅलहन आले ते फेकीवर आधारलेली व्यावसायिक धर्तीची पद्धत घेऊन. पहिल्याच वर्षी ५ विजय, ६ पराभव. १९६१ नंतर पहिल्यांदा त्या विद्यापीठाचं पारडं पराभवांच्या बाजूला झुकलं, आणि ३५ वर्षांची बोल सामन्यांची मालिका तुटली. लोक म्हणाले, या माणसाला फुटबॉल कळत नाही. हेच कॅलहन पुढे डॅलसच्या व्यावसायिक संघात लाइन शिकवायला गेले. तिथे पहिल्या फेरीत निवडलेले तीन तगडे आणि चपळ गडी त्यांच्या हाताखाली होते. २०१४ साली त्या लाइनच्या मागून डिमार्को मरे १,८४५ यार्ड पळाला, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त. माणूस तोच, त्याची विद्याही तीच. फरक इतकाच की एका ठिकाणी विद्या आणि विद्यार्थी जुळले, दुसऱ्या ठिकाणी नाही. अडाणी नेब्रास्काची पोरंही नव्हती आणि कॅलहनही नव्हते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी बाहेरून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कॉलेजच्या खेळाडूंना मोसमात आठवड्याला २० तासच सराव करता येतो, तसा नियम आहे. वसंत ऋतूत १५ सत्रं. त्यात बैठका आल्या, चित्रफिती बघणं आलं, व्यायाम आला. जो वेळ उरतो त्यात एकच रीत शिकवली तर ती अंगात मुरते. दोन शिकवल्या तर अर्धी-अर्धी. चार शिकवल्या तर चेंडू उचलला जाण्याआधी पोरगा विचार करत उभा राहतो, आणि विचार करत उभा असलेला १४० किलोचा माणूस बाहेरून अगदी 'सॉफ्ट'च दिसतो. कचरण्यातली आणि गोंधळण्यातली फट स्टेडियमच्या साठाव्या रांगेतून दिसत नाही. ती दिसायला हवी प्रशिक्षकाला, त्याला त्याचेच पैसे मिळतात.

एकापेक्षा जास्त रीती कधीच वापरू नयेत असं मात्र मी म्हणत नाही. २०२१ मध्ये याच मिशिगनची लाइन देशातली सर्वोत्तम ठरली, जो मूर पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये पुन्हा मिळाला. ते पॉवरही खेळत, काउंटरही, झोनही. पण ती माणसं वयाने आणि सरावाने पिकलेली होती. २०२१ चा सेंटर अँड्र्यू व्हस्टार्डिस हाही शिष्यवृत्तीशिवाय आलेला, वर्षानुवर्षं थांबलेला पोरगा. त्या नोव्हेंबरात ओहायो स्टेटविरुद्ध ४२-२७ असा विजय मिळाला तेव्हा पळून काढलेले यार्ड २९७ होते. २०२३ मध्ये पेन स्टेटविरुद्ध तर सलग ३२ डाव पळण्याचे खेळले आणि सामना जिंकला. दहा वर्षांपूर्वी याच पेन स्टेटविरुद्ध २७ खेपांत २७ यार्ड निघाले होते. पहिली पोळी गोल जमल्यावर पुरणपोळीकडे वळावं, एवढंच माझं म्हणणं.

आता कुणी म्हणेल, काळ बदलला. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आहे. २०२१ पासून खेळाडूला वर्षभर बाहेर न बसता विद्यापीठ बदलता येतं. प्रशिक्षकाला हवा तसा माणूस तयार मिळतो. मिशिगनने २०२२ साठी व्हर्जिनियाहून ओलुसेगुन ओलुवाटिमी हा सेंटर असाच आणला आणि त्याने आल्या वर्षी रिमिंग्टन आणि आउटलँड दोन्ही मिळवले. मग अंथरुणाची काळजी कशाला? नवीन विकत आणा.

मला वाटतं, काळजी उलट वाढली आहे. ओलुवाटिमी आला तो दोन वर्षं एकत्र खेळलेल्या माणसांमध्ये, रिकाम्या जागेत एक नेमका दगड बसावा तसा. पाचही दगड बाहेरून आणून भिंत होत नाही. झोनमध्ये कोण कधी सुटणार हे खांद्याला कळायला दिवस लागतात. शिवाय पूर्वी न जुळणाऱ्या पोराला जमेल तसं वापरणं प्रशिक्षकाला भाग होतं. आता त्याला दार दाखवता येतं. 'तू माझ्या पद्धतीत बसत नाहीस' हे वाक्य म्हणायला सोपं झालं आहे. खेळाडूला जायचं स्वातंत्र्य मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या स्वातंत्र्याच्या आड प्रशिक्षकाने आपलं मूळ काम, म्हणजे समोरच्या पोराला काय येतं ते ओळखणं, टाळू नये.

कारण शेवटी हिशेब कसा होतो बघा. पद्धत फसली तर प्रशिक्षक जातो. कराराचे उरलेले पैसे घेऊन जातो आणि बहुतेक वेळा दुसरीकडे कामाला लागतो. पोराला मात्र कॉलेजची चार-पाचच वर्षं असतात. ती एकदाच येतात. त्यातलं एक वर्ष 'सॉफ्ट' ऐकण्यात गेलं तर ते परत मिळत नाही. लुआन, स्कोफील्ड, ग्लासगो यांना पुढे आपलं नाणं खरं होतं हे दाखवायची संधी मिळाली. बहुतेकांना ती मिळत नाही. ते पदवी घेतात, कुठेतरी नोकरीला लागतात, आणि लोकांच्या लेखी उणे ४८ वाल्या संघातले म्हणून राहतात.

तेव्हा नवा प्रशिक्षक आला की पत्रकार परिषदेत त्याला विचारतात, "तुमची पद्धत कोणती?" मला वाटतं हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारूच नये. विचारावं, "तुमच्या पाचांची नावं सांगा. त्यातला कोण वळसा घालू शकतो, कोण धावत येऊन धडकू शकतो, कोणाला अजून दोन वर्षं लागतील?" ज्याला हे सांगता येईल त्याची पद्धत कोणती का असेना, मी शनिवारी थंडीत कुडकुडत बसायला तयार आहे.